मायच्या नावाची झोप

आमच्या गावात अजून अकरा बाया मांडीवर कोसा काढतात. दोन वर्षांपूर्वी बारा होत्या. बारावी माझी माय, सगुणा. तिच्याइतका बारीक धागा कोणालाच निघत नसे.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. उकडून मऊ केलेले पाच कोसे, म्हणजे रानरेशमाचे कोष, समोर वाटीत ठेवायचे. पाचांचे तंतू एकत्र ओढून उघड्या मांडीवर आणायचे आणि तळहाताने पुढे लोटत त्यांना पीळ द्यायचा. पीळ बसला की तेवढा धागा लाकडी फिरकीवर गुंडाळायचा. पुन्हा ओढायचं, पुन्हा लोटायचं. मांडीला चिमूटभर राख चोळलेली असते. तीन-तीन तास ती मांडी फळीसारखी राहावी लागते. मध्येच हलली तर पीळ उलगडतो, तंतू तुटतात, आणि तुटलेलं टोक शोधून जोडलं तरी तिथे गाठ राहते. यंत्रावरचा धागा एकसारखा निघतो. मांडीवरचा किंचित जाडबारीक असतो, आणि त्यामुळेच त्याच्या कापडावर उजेड पडला की कापड हलल्यासारखं वाटतं. यंत्रं येऊन इतकी वर्षं झाली तरी आमच्या बायांना काम राहिलं ते एवढ्यासाठी.

आमच्याकडे फेब्रुवारी सरला की दुपारची हवा इतकी कोरडी होते की तंतू टिकत नाही. अलीकडे तर उन्हाळ्यात अकरा ते पाच घराबाहेर पडायलाच मनाई असते. म्हणून बाया दिवस कलला की ओसरीवर बसतात. आमच्या ओसरीवर माय बसायची आणि तिच्या बाजूला बेबीमावशी. मावशी शेजारची, नात्यातली नाही, पण माझ्या जन्माआधीपासून दोघी एकाच ओसरीवर बसत आल्या होत्या.

२०४०च्या एप्रिलमध्ये मायने कोसे उकडले आणि ते तसेच वाळू दिले. मग ती भिंतीकडे तोंड करून झोपली. महिना गेला, दोन महिने गेले. कारण काही नव्हतं. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघीच, भांडण नाही, तंटा नाही. तालुक्याच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत मला नुकतीच कायमची नोकरी लागली होती. लोक मात्र कारण शोधत.

"तू काही बोलली का वं तिले?" बेबीमावशीने मला बाजूला घेऊन विचारलं.

"नाही, मावशी."

"मंग कोण बोललं? कोणी बोलल्याबिगर माणूस असं पडते का?"

"तुमची साखर वाढली ती कोणी बोललं म्हणून वाढली का?"

"साखरीचं येगळं आहे. ते रक्तात राहते."

तिला पटलं नाही. पण त्या उन्हाळ्यात मी कामावर असताना ती रोज मायच्या उशाशी येऊन बसली. तेव्हा आम्ही मायला एकटं सोडत नसू. का, ते आम्हा दोघींना माहीत होतं. त्यावर बोलणं झालं नाही.

डॉ. रोशनी उके या आमच्या जिल्ह्यातल्या एकमेव मानसोपचारतज्ज्ञ. दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी त्या आमच्या दवाखान्यात येतात. जूनमध्ये त्यांनी मायच्या दंडात कुपी बसवली.

कुपी म्हणजे आगकाडीएवढी नळी. ती कातडीखाली बसवतात. तिच्यात वर्षभराचं नैराश्यावरचं औषध असतं आणि ती रोज ठरेल तेवढंच सोडते. किती सोडायचं हे डॉक्टर रोज ठरवू शकत नाहीत. जिल्ह्यात साडेचार हजार कुप्या आहेत. ते ठरतं घोट्यावरच्या पट्टीवरून. पट्टी झोपताना बांधायची, सकाळी काढून चार्जिंगला लावायची. रात्रभर ती पायाची हालचाल, नाडी आणि कातडीचं तापमान टिपते. नैराश्य परतू लागलं की आधी झोप बिघडते. माणूस कूस बदलत राहतो, तळमळतो, पहाटेच जागा होतो. त्याला स्वतःला कळायच्या दोन-तीन आठवडे आधी हे पायांच्या हालचालीत दिसतं. तळमळ वाढली की औषध थोडं वाढवायचं, झोप शांत झाली की हळूहळू उतरवायचं, अशी ही रीत. शिवाय रुग्ण रात्री घराबाहेर पडला तर घरच्यांच्या फोनवर गजर होतो. या पट्टीने पुष्कळ माणसं वाचली आहेत. हे मी आजही म्हणते.

मायसुद्धा उठली. सातव्या आठवड्यात मी पोहे केले होते. ती भिंतीकडून वळली, बसती झाली, एक घास खाल्ला आणि म्हणाली, "मोना, ह्याच्यात मीठ का दवाखान्यातून आणशीन का?"

मी मीठ आणायला आत गेले आणि तिथेच थोडा वेळ उभी राहिले.

ऑगस्टमध्ये ती ओसरीवर आली. सप्टेंबरमध्ये तिने पुन्हा फिरकी घेतली. आणि ऑक्टोबरमध्ये पाय सुरू झाले.

दिवसभर काही नसे. ऊन उतरलं, ती बसली, पाचदहा हात धागा निघाला की ती एकदम उठायची. अंगणात येरझारा घालायची. चाललं की बरं वाटायचं, बसलं की पुन्हा तेच. रात्री अंथरुणात पाय झाडायची. मी शेजारी असायचे. मलाही लाथा बसत.

"नेमकं काय होते, माय? दुखते का?"

"दुखत नाही." तिने बराच विचार केला. "जित्ता कोसा कानाशी धरून हलवला तर आत किडा कसा हलते? तसं पिंढरीत हलते. हाताले लागत नाही. आत राहते. चाललं की थांबते."

याहून नेमकं वर्णन मी पुस्तकातही वाचलेलं नाही. या त्रासाचं नावच अस्वस्थ पाय असं आहे. हे औषध मेंदूत सिरोटोनिन वाढवतं, त्याने मन सावरतं. पण काही जणांत वाढलेलं सिरोटोनिन डोपामिनचं काम दाबतं, आणि पाय विसावलेले राहायला डोपामिन लागतं. डोपामिन तयार व्हायला लोह लागतं. दिवस मावळू लागला की शरीरातली ही दोन्ही उतरणीला लागतात, म्हणून त्रास संध्याकाळी. मायचं रक्त मीच तपासलं. साठ्यातलं लोह दाखवणारा आकडा पंच्याहत्तरच्या वर असावा अशी या त्रासात अपेक्षा असते. तिचा अकरा आला.

घोळ पुढे होता. पट्टीला रात्रीचे झाडलेले पाय दिसत. ते औषधामुळे झाडले की मन बिघडल्यामुळे, हे तिला कळत नसे. ती औषध वाढवी. औषध वाढलं की पाय वाढत. पाय वाढले की औषध.

मी डॉक्टरांपासून काही लपवलं नव्हतं, निदान तेव्हा. नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी मायला घेऊन गेले. डॉ. उके यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"पायांना न छळणारं एक औषध आहे," त्या म्हणाल्या, "पण सगुणाताईंना लहानपणी फिट्स येत होत्या ना? मग ते देता येत नाही. मागच्या महिन्यात पायांसाठीची गोळी दिली होती, तिचं काय झालं?"

"दिवसा चक्कर येते. चुलीपाशी पडली परवा."

"मग ती बंद. मी औषध इथून कमी करते, पण पंधरा दिवसांत पट्टी ते परत वर नेईल. त्यावर कायमची मर्यादा घालायची तर दोन डॉक्टरांच्या सह्या लागतात. मागचा उन्हाळा पाहता दुसरी सही मला कोणी देणार नाही. आणि खरं सांगू, मलाही करवणार नाही." त्या मायकडे वळल्या. "ताई, आज लोहाची बाटली लावते शिरेतून. त्याने पाय थांबतील असं मला वाटतं. पण दोन-तीन महिने द्यावे लागतील."

"तीन महिने म्हणजे अर्धा हंगाम, मॅडम," माय म्हणाली.

"पण तुम्ही बऱ्या आहात. हे केवढं आहे!"

मायने मान हलवली. बसमध्ये मात्र ती मला म्हणाली, "निजून होती तवा मले मांडी लागतच नव्हती. आता मन म्हणते बस, पाय म्हणते ऊठ. बसताच येत नसन तर उठवलं काहून मले?"

आता मायच्या सोमवारांबद्दल सांगायला हवं. माझ्या नोकरीसाठी मायने सोळा सोमवार धरले होते. नऊ झाले आणि ती आजारी पडली. आमच्याकडे असं झालं की घरातलं दुसरं कोणी उरलेले उपास धरतं. नवस बोललेल्याच्या नावानेच ते पुरे होतात, फक्त पोट दुसऱ्याचं. मी काही देवाधर्माची नाही, पण उरलेले सात सोमवार मी धरले. बेबीमावशीने उद्यापनाचा शिरा केला आणि मायच्या उशाशी नेऊन ठेवला. "पावला तुले," तिने मायच्या पाठीला सांगितलं होतं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिन्हीसांजेला आम्ही तिघी ओसरीवर होतो. मायचा धागा तिसऱ्यांदा तुटला. तिने फिरकी खाली ठेवली, आत जाऊन पट्टी आणली आणि माझ्यासमोर धरली.

"हे तू बांध."

"मी?"

"माह्ये सोमवार तू धरले होते. तवा चाललं ना? मंग हे बी धर. तू बुडाले आग लागली तरी हलत नाही निजल्यावर. हिले वाटन, सगुणा चांगली निजली. औषध उतरवन थोडंसं."

"माय, उपास वेगळा. ही पट्टी मोजते."

"देव का मोजत नाही?" बेबीमावशी हसली. "पाह्य बाई, आजकाल तर कोणी चांदीच्या तोरड्या घालत नाही. तू रबराची घाल."

"मावशी, तुम्ही मध्ये नका पडू."

"मी कायले पडू? पडून राहिला तो हा." मायच्या तुटक्या धाग्याकडे तिने बोट दाखवलं. "माय हिची रोज उठून पळते, आन् ही म्हणते पट्टी मोजते."

माय हसली नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती. "थोडंसंच उतरू दे," ती म्हणाली. "पाय थांबले की मी बांधीन परत. तुह्या गळ्याची शपथ."

मी प्रयोगशाळेत काम करते. एकाच्या नावाच्या नळीत दुसऱ्याचं रक्त गेलं तर काय होतं हे मला रोज शिकवावं लागतं, नव्या मुलींना. हे सगळं माहीत असून मी त्या रात्री, २६ नोव्हेंबरला, पट्टी बांधली. असं म्हणता येईल की मायचं दुःख पाहवलं नाही. तेही खरं आहे. पण त्याहून खरं हे, की थोडंसं उतरेल तेवढं मी सांभाळीन असं मला वाटलं.

पहिल्या काही रात्री मी काठीसारखी पडून राहिले, हलायची भीती वाटे. मग सवय झाली. दंडातल्या कुपीला पट्टीकडून कळू लागलं की बाई शांत झोपते. चाळीस मिलिग्रॅमवरचं औषध डिसेंबरच्या मध्याला तीसवर आलं, नाताळात बावीसवर. रात्री मी मायच्या पायांकडे कान ठेवून असे. डिसेंबरअखेर ती ते पूर्वीसारखे झाडत नव्हती. संक्रांतीला थांबले.

जानेवारी आणि फेब्रुवारी. त्या दोन महिन्यांबद्दल मी फार लिहू शकत नाही, कारण ते चांगले होते. माय पाचला बसायची ती आठला उठायची. एकदा तिने तीनच कोशांचा धागा काढला. एवढा बारीक की फिरकीवर आहे की नाही ते बोट लावून पाहावं लागे. पलीकडच्या आळीतल्या बाया पाहायला आल्या. बेबीमावशी त्यांना म्हणाली, "हात नका लावू, तिच्या सासऱ्याची अब्रू आहे ते." माय इतकी हसली की तंतू तुटला, आणि त्या तुटलेल्या तंतूवरही हसली.

"आता पट्टी तू बांध," मी तेव्हा दोनदा म्हटलं.

"होळी होऊ दे. येवढे कोसे सरू दे."

मीही जोर केला नाही. औषध तेव्हा बारावर होतं.

मार्चमध्ये पहिल्यांदा काय दिसलं ते मला नेमकं आठवतं. बेबीमावशी आपल्या सुनेची गोष्ट सांगत होती, ती मोबाइलला विचारून भाजीत मीठ टाकते ती. माय ज्या जागी नेहमी हसते ती जागा आली आणि गेली. तिचा हात मांडीवर थांबला होता. मांडी फळीसारखी स्थिर होती.

मग ती चहा अर्धा ठेवू लागली. मग अंघोळ लांबू लागली. रात्री ती कूस बदलत राही, आणि मी पहाटे उठले की ती छताकडे पाहत असे.

"झोप नाही लागली का?"

"लागली ना."

फोनवर रोज सकाळी पट्टीचा निरोप येई: प्रकृती उत्तम. तो निरोप माझ्याबद्दल होता. हे आम्हा तिघींशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी डॉ. उके येऊ शकल्या नाहीत. त्यांनी फोनवरच सगळ्यांना पाहिलं. मी मायसमोर फोन धरला.

"सगुणाताई, पट्टी तर म्हणते तुम्ही झकास झोपता! पाय कसे आहेत?"

"थांबले, मॅडम."

"बघा! मी म्हटलं होतं ना, लोहाला वेळ द्या. काम चालू आहे?"

"हो, मॅडम."

"मोनाली, तुला काय वाटतं?"

फोन माझ्या हातात होता. माय माझ्याकडे पाहत होती, आणि त्या पाहण्यात नोव्हेंबरसारखी विनवणी नव्हती. काहीच नव्हतं. ते मी पाहिलं.

"बरी आहे," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर माय म्हणाली, "सांगू नको हं. पाय सुरू होतीन." तिला अजून पायांचीच काळजी होती, आणि मलाही. कोसे मात्र आठ दिवसांपासून उकडून पडले होते आणि वाळत चालले होते.

मी पट्टी परत तिला बांधली. दोनदा. दोन्ही वेळा तिने मध्येच काढून माझ्या उशाशी ठेवली, आणि सकाळी मला इतकी भीती वाटली की रात्रीच्या रिकाम्या नोंदीला डॉक्टर काय म्हणतील म्हणून मीच पुन्हा बांधू लागले. आज हे लिहिताना त्या भीतीचा अर्थ लागत नाही. डॉक्टरांनी विचारलं असतं, एवढंच झालं असतं. तेच तर व्हायला हवं होतं.

एप्रिलचा दुसरा गुरुवार अकरा तारखेला होता. त्या दिवशी मॅडमना समोर बसून सगळं सांगायचं मी ठरवलं. बेबीमावशीलाही सांगितलं.

"सांग," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. "मीच थट्टा केली वं तवा. सांग लवकर."

"गुरुवारी मॅडम येतात."

"फोन नाही का तुह्याजवळ?"

"समोर बसून सांगायचं आहे, मावशी. फोनवर नाही सांगता येणार."

बुधवारी, दहा तारखेला सकाळी, मायचं अंथरूण रिकामं होतं. पुढचं मी लिहीत नाही. गावाला माहीत आहे.

मे महिन्यात डॉ. उके यांनी मला बोलावलं. कुपी असलेल्या माणसाचा असा मृत्यू झाला की त्याच्या सगळ्या नोंदी डॉक्टरांना स्वतः तपासाव्या लागतात. दवाखान्यातली त्यांची खोली माझ्या प्रयोगशाळेच्या समोरच आहे, पण मी महिनाभर तिकडे पाहिलं नव्हतं. त्यांनी दार लावलं आणि पडदा माझ्याकडे वळवला.

"हालचालीत काहीच नाही," त्या म्हणाल्या. "साडेचार महिने उत्तम. मी तीन रात्री हेच पाहत बसले. मला काय चुकलं ते कळेना. मग काल तापमान उघडलं. ते कोणी उघडत नाही. औषध ठरवताना ते धरतच नाहीत."

पडद्यावर एक रेघ होती. चौदा-पंधरा दिवस खाली, मग एकदम अर्ध्या अंशाच्या आसपास वर, तेवढेच दिवस तिथे, आणि पुन्हा खाली. पुन्हा वर. मी मोजलं नाही. मोजायची गरज नव्हती. बीज सुटल्यावर बाईचं अंग पाळी येईपर्यंत थोडं गरम राहतं, हे मी अकरावीत शिकले.

"सगुणाताई छप्पन्न वर्षांच्या होत्या," डॉ. उके हळू आवाजात म्हणाल्या. "मोनाली, ही लाट कोणाची आहे?"

"माझी."

मी रागाची वाट पाहत होते. तो आला नाही.

"दर महिन्याला हा आलेख माझ्यासमोर होता," त्या शेवटी म्हणाल्या. "एक बटण दाबायचं होतं. केव्हापासून?"

"सव्वीस नोव्हेंबर."

"बाटली लावल्यानंतर अडीच आठवड्यांनी."

"हो."

मग आम्हा दोघींच्या मनात एकदमच तो प्रश्न आला असावा. मी तो विचारला, कारण विचारायचा हक्क माझाच होता. "मॅडम, संक्रांतीला पाय थांबले ते औषध उतरलं म्हणून, की लोहाने?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "संक्रांतीला थांबले म्हणालीस?"

"हो."

"दोन महिने. लोहालाही तेवढेच लागतात." त्या म्हणाल्या, "कदाचित चाळीसवर असतानाही थांबले असते. आता सांगता येणार नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या."

प्रयोगशाळेतल्या मुलींना मी हेच सांगते. एका वेळी एकच गोष्ट बदला. नाहीतर काय कशाने झालं हे कधीच कळत नाही.

"हे मला लिहून हवं आहे," डॉ. उके म्हणाल्या. "तुला शिक्षा व्हावी म्हणून नाही. काय होईल ते मला माहीतही नाही. पण या नोंदींवरून औषध ठरवणारं यंत्र पुढच्यांसाठी शिकतं. असंच गेलं तर ते शिकेल की शांत झोपणारी बाई एका सकाळी अशी जाते. मग जिल्ह्यात जी खरंच शांत झोपते तिचं औषध ते वाढवत नेईल. कोणाकोणाचे पाय सुरू होतील. आणि अजून किती घरी पट्टी दुसऱ्याच्या पायात आहे, ते मला आता प्रत्येकीचं तापमान उघडून पाहावं लागेल."

"बेबीमावशीला यात आणू नका," मी म्हटलं. "बांधली मी."

"तू लिही. तुझं लिही."

त्यांनी कागद दिला. मी लिहिलं: सगुणा यांच्या नावावरील २६ नोव्हेंबर २०४० पासूनच्या रात्रीच्या नोंदी त्यांच्या नसून माझ्या आहेत. पुढे तारीख घालायला मी थांबले.

डॉ. उके यांनी पडद्यावर शेवटची रात्र काढली. "मंगळवार, नऊ एप्रिल. झोप सात तास दहा मिनिटं. एकदाही जाग नाही. साडेचार महिन्यांत एवढी चांगली रात्र दुसरी नाही. हीसुद्धा तुझीच?"

"हो," मी म्हटलं आणि तारीख लिहिली. मग त्यांनी विचारलं नव्हतं तरी सांगितलं, कारण ते कुठल्याच नोंदीत नव्हतं.

"रोज मी तिच्या पायांकडे कान ठेवून पडायची, मॅडम. त्या रात्री ते जरासुद्धा हलले नाहीत. म्हणून मला झोप लागली."